आधी नदीचं खरं नाव: प्राथमिकच्या मुलांना रीकन्सिलिएशन शिकवताना

मेचा तिसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, शाळेची नोट आलीये. काळं, लाल, पिवळं घालून पाठवा म्हणतायत. हा कुठला डे? आमच्याकडे लाल टीशर्ट आहे, पण त्यावर स्पायडरमॅन आहे. चालेल का?" टीशर्टचं निभावतं. अडतं ते संध्याकाळी. पोर घरी येऊन विचारतं, "आई, इथल्या लोकांची मुलं नेली होती ना? कोणी नेली?" आणि भाजी परतता परतता आई गप्प होते. तिला तिच्या शाळेत हे कुणी शिकवलेलंच नसतं.

मी मेलबर्नमध्ये आठवडाभर प्राथमिक शाळेत शिकवते आणि रविवारी मराठी वर्ग घेते. दोन्हीकडे मिळून बऱ्याच चुका करून झाल्यात. हे लिहितेय ते मुख्यतः अशा आईबाबांसाठी आणि रविवारचे वर्ग घेणाऱ्यांसाठी. शाळेतल्या शिक्षकांना त्यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच.

आधी तारखा, म्हणजे नोट आली की गोंधळ नको. नॅशनल रीकन्सिलिएशन वीक, म्हणजे ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी (अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट बेटांवरचे लोक) आणि बाकीचे यांच्यातलं नातं नीट करायचा आठवडा, दर वर्षी २७ मे ते ३ जून. वार बदलतात, तारखा बदलत नाहीत, कारण दोन्ही टोकांना एकेक घटना आहे: २७ मे १९६७ चं सार्वमत आणि ३ जून १९९२ चा माबो निकाल. आदल्या दिवशी, २६ मेला, सॉरी डे, सरकारनं नेलेल्या मुलांच्या आठवणीचा. जुलैतला नेडॉक वीक वेगळा, तो संस्कृतीचा उत्सव असतो. दोन्हींची सरमिसळ करून मेमध्ये फुगे लावू नयेत. एका वर्षी मी लावले होते.

शब्दाचं काय करायचं

मराठी वर्गात पहिला प्रश्न हाच येतो. "समेट" म्हणावं, तर दोन भाऊबंद बांधावरून भांडले आणि पंचांनी हात मिळवून दिले असं वाटतं. इथे भांडण दोघांचं नव्हतं. एक जण दुसऱ्याच्या घरात शिरला, तिथेच राहिला, आणि वर घर रिकामंच होतं म्हणाला. "सलोखा" त्यातल्या त्यात जवळचा. तरी इथल्या काही अ‍ॅबोरिजिनल लोकांचंही म्हणणं असतं की या इंग्रजी शब्दातला "री" खटकतो. आधी सख्य होतंच कुठे, की ते पुन्हा जुळवायचं? मला हे पटतं. म्हणून मुलांपुढे मी व्याख्या देत नाही. "काहीतरी मोडलंय. कुणी आणि कसं मोडलं ते आधी खरं सांगायचं, मग मिळून नीट करायला घ्यायचं," एवढं सात वर्षांच्या मुलाला पुरतं. फुलदाणी फोडून सोफ्याखाली सारलेली असते त्यांनी, त्यांना बरोबर कळतं.

दुसरा शब्द "आदिवासी". सोपा वाटतो, पण मी टाळते. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच जंगल, पिसं आणि नाच येतात, आणि शेजारच्या बाकावर बसणारी, फुटी (इथला फुटबॉल) खेळणारी मुलगी त्यात बसत नाही. शिवाय आपल्याकडच्या आदिवासींची स्वतःची वेगळी कहाणी आहे, ती यात कालवायला नको. "अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरस स्ट्रेट आयलंडर" असं पूर्ण म्हणावं, किंवा "फर्स्ट नेशन्स". त्याहून चांगलं म्हणजे थेट त्या लोकांचं नाव घ्यावं: वुरुंजेरी, गुंडिचमारा, योर्टा योर्टा. इंग्रजीतलं ते तीन-चार अक्षरी लघुरूप मात्र घरात कुणाच्याही तोंडी असू नये. ती शिवी आहे. जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकून आपले लोक अजाणता बोलतात, आणि मुलं दुसऱ्या दिवशी ते मैदानावर घेऊन जातात.

नदीपासून सुरुवात

इतिहासापासून सुरू करू नका. पायाखालच्या जमिनीपासून करा. आमचा रविवारचा वर्ग यारा नदीपासून दहा मिनिटांवर भरतो, म्हणून मी नदी घेते. तुमच्याकडे टेकडी असेल, खाडी असेल.

नदीवर नेण्याआधी मी वर्गात विचारते, "शाळेत कुणाकुणाचं नाव चुकीचं घेतात?" सगळे हात वर. एका मुलीच्या नावात "ज्ञ" आहे. हजेरी घेताना तिचं नाव येण्याआधी बाई थांबतात, आणि त्या थांबण्यावरूनच तिला कळतं की आता आपली पाळी. एक मुलगा म्हणाला, "मी आता त्यांच्यासारखंच सांगतो माझं नाव. सोपं पडतं." वर्ग हसला, तो नाही हसला. मग आम्ही नदीवर गेलो.

या नदीचं नाव बिरारुंग. वुरुंजेरी लोकांच्या वोई-वुरुंग भाषेतलं, धुक्याची नदी असा अर्थ सांगतात. १८३५ मध्ये जॉन वेज नावाच्या सर्व्हेअरनं इथल्या कुलिन लोकांच्या (वुरुंजेरी ज्यात मोडतात त्या गटाच्या) तोंडून "यारो-यारो" असं काहीतरी ऐकलं. ते बोलत होते खडकांवरून कोसळणाऱ्या पाण्याबद्दल. त्यानं तेच नदीचं नाव म्हणून वहीत लिहिलं, आणि पुढे नकाशावर तेच राहिलं. मी एवढंच सांगते आणि थांबते. त्या दिवशी "सोपं पडतं" म्हणणाऱ्या मुलानं विचारलं, "मग नदीला राग नाही आला?" उत्तर द्यायची घाई करू नका. काठावर बसलेलं असताना गप्प राहणं सोपं जातं.

मेअखेरीचं मेलबर्न म्हणजे सकाळी नदीवर धुकं. यारेच्या वरच्या खोऱ्यातले कुलिन लोक वर्षाचे सात ऋतू मानतात, आणि एप्रिल ते ऑगस्टच्या या गार दिवसांना वारिंग म्हणतात, वॉम्बॅट या बिळात राहणाऱ्या प्राण्याचा ऋतू. आपण मराठी वर्गात वसंत, ग्रीष्म, वर्षा पाठ करून घेतो, आणि बाहेर त्यातलं एकही जागेवर नसतं. मुलांना हे सात ऋतू दाखवले की त्यांना पहिल्यांदा वाटतं की या जागेला नीट ओळखणारं कुणीतरी आहे. माझ्या मते हाच या वयाचा निम्मा अभ्यास आहे.

तुमचं घर कुणाच्या जमिनीवर आहे हे शोधायला ऑस्ट्रेलियाचा मूळ भाषागटांचा नकाशा मिळतो. त्यावर अडीचशेहून जास्त भाषा आहेत. नकाशा भिंतीवर लावला की मुलं पाच मिनिटं काहीच बोलत नाहीत, कारण शाळेतल्या नकाशात सहा राज्यं आणि दोन टेरिटरी असतात. सीमा मात्र त्यात ढोबळ आहेत. खात्री करायला आपल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहा, तिथल्या पारंपरिक मालकांचं नाव बहुधा दिलेलं असतं.

मग येतं अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री. म्हणजे ही जमीन मूळ कुणाची ते सुरुवातीलाच बोलून मान्य करणं. शाळेत मुलं ते पोपटासारखं म्हणतात. घरी त्यांना स्वतःच्या शब्दांत करायला लावा. आमच्या वर्गातलं एक असं आहे: "आम्ही आज वुरुंजेरी लोकांच्या जमिनीवर बसलोय. ही नदी ते आमच्या आधीपासून सांभाळतात, अजूनही सांभाळतात. आम्ही आज तिच्यात चिप्सची पाकिटं टाकणार नाही." शेवटचं वाक्य मुलांचं. मी ते काढलं नाही. आणि वेलकम टू कंट्री, म्हणजे त्या जमिनीवर स्वागत, आपण करायचं नसतं. घरचा यजमान "या, बसा" म्हणतो. पाहुण्यानं आभार मानायचे असतात. हा फरक मराठी मुलांना एका वाक्यात कळतो, मोठ्यांना चार वेळा सांगावा लागतो.

दोरी

आता इतिहास. पण सनावळ्यांनी नको, दोरीनं.

कपडे वाळत घालायची दोरी घ्या, ६५ मीटर. अंगणात मावणार नाही, मैदानावरच जावं लागतं. एक मीटर म्हणजे एक हजार वर्षं. उत्तरेतल्या माजेडबेबे या ठिकाणी माणसं सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीपासून राहत होती असं तिथल्या उत्खननातून पुढे आलंय, म्हणून दोरी तेवढी. एक मूल त्या टोकाला उभं करा, बाकीचे या टोकाला, "आज"मध्ये. लांबच्या मुलाला ओरडून बोलावं लागतं. ते ओरडणंच महत्त्वाचं.

मग चिमटे लावत या. इजिप्तचा मोठा पिरॅमिड "आज"पासून साडेचार मीटरवर. त्याच्याही मागे, ६.६ मीटरवर, गुंडिचमारा लोकांचं बज बिम: पश्चिम व्हिक्टोरियात ज्वालामुखीच्या दगडांतून काढलेले पाट आणि बांध, ईल मासे अडवून वाढवण्यासाठी. कमीत कमी ६,६०० वर्षं जुने, आणि २०१९ पासून जागतिक वारसा यादीत. "म्हणजे ते नुसते भटकत नव्हते?" एका पाचवीतल्या मुलानं विचारलं. बघा, हे कुठून येतं! त्याला मी दगडी पाटांची चित्रं दाखवली, आणि तो धड्यापेक्षा जास्त वेळ पाणी कुठून कुठे वळतं तेच पाहत बसला.

मराठी वर्ग असल्यामुळे आमचा आणखी एक चिमटा असतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, १६७४. तो येतो टोकापासून ३५ सेंटिमीटरवर. मुलांना तो फार फार जुना वाटत असतो, आणि तो एवढासा जवळ आलेला पाहून ती जरा हिरमुसतात. आणि इंग्रजांची जहाजं सिडनीत लागली ते १७८८ साल? २४ सेंटिमीटर. एक वीत. मुलं हात टेकवून पाहतात, लहानांच्या हाताला एका वितेहून थोडं जास्त भरतं. १९६७ चं सार्वमत सहा सेंटिमीटरवर, चार बोटंसुद्धा नाही. आणि त्या चार बोटांत तुमचे आजीआजोबा हयात होते, हे सांगायला विसरू नका.

दोरी गुंडाळताना गुंता होतो. अर्धा तास हाताशी ठेवा.

ठिपके रंगवू नका

पहिल्या वर्षी मी वर्गाला इअरबड आणि रंग दिले, आणि बूमरँगच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर ठिपके काढायला लावले. छान दिसले. व्हरांड्यात टांगले. त्या आठवड्यात एक वुरुंजेरी मावशी शाळेत आल्या होत्या. त्यांनी सगळे पुठ्ठे शांतपणे पाहिले आणि मला विचारलं, "हे कुणाचं आहे?" मला वाटलं मुलांची नावं विचारतायत. मी नावं सांगायला लागले. त्या हसल्या, आणि त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

ते कुणाचंच नव्हतं. ठिपक्यांची चित्रं म्हणून जग जे ओळखतं ते आलं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून, पपुन्याहून, १९७१ च्या सुमारास, आणि त्यातले आकार विशिष्ट कुटुंबांच्या विशिष्ट कथांचे असतात. दुसऱ्यानं ते काढायचे नसतात. मेलबर्नपासून ते दीड-दोन हजार किलोमीटर दूर. पंजाबचा भांगडा नाचून "हा आमचा महाराष्ट्र" म्हणण्यातलाच प्रकार, आणि वर त्यात परवानगीचा प्रश्न. डिजरिडूचंही तेच. ते उत्तरेकडचं वाद्य आहे, आणि तिकडच्या बऱ्याच समाजांत बायका ते वाजवत नाहीत. म्हणून प्लॅस्टिकच्या नळ्या आणून सगळ्यांना फुंकायला देऊ नका.

मग हातांना काम काय द्यायचं? आपल्या जागेची कला पाहायची. व्हिक्टोरियातल्या जुन्या कामात ठिपके नव्हेत, रेषा असतात: समांतर, तिरक्या, एकात एक गेलेल्या चौकटी. आणि इथे एक माणूस आहे ज्याच्याभोवती पूर्ण महिना बांधता येतो, विल्यम बराक.

बराक वुरुंजेरी. जन्म १८२४ च्या आसपास. १८३५ मध्ये जॉन बॅटमन हा गोरा वसाहतवाला जमिनीचा तथाकथित करार करायला आला तेव्हा आपण तिथे होतो, असं त्यानं पुढे सांगितलं. म्हणजे तेव्हा तो अकराएक वर्षांचा, वर्गातल्या मोठ्या मुलांएवढा. पुढे १८६३ मध्ये हील्सव्हिलजवळ कोरांडर्क ही अ‍ॅबोरिजिनल लोकांची वस्ती उभी राहिली. तिथल्या लोकांनी शेती केली, हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती फुलं) पिकवले, घरं बांधली. जमीन उत्तम निघाली, तशी ती काढून घ्यायची भाषा सुरू झाली. तेव्हा बराक आणि त्याचे सोबती साठेक किलोमीटर चालत मेलबर्नला जायचे, मंत्र्यांना भेटायला, अर्ज द्यायला. १८८१ मध्ये त्यावर सरकारी चौकशी बसली. १८८६ च्या कायद्यानं मात्र मिश्र वंशाच्या तरुणांना तिथून बाहेर काढलं, काम करणारे हात गेले, आणि १९२४ मध्ये कोरांडर्क बंद झालं. बराक १९०३ मध्येच वारला होता.

मुलांना कायदा समजत नाही, चालणं समजतं. मैदानाच्या फेऱ्या मोजा. साधारण ४०० मीटरची एक फेरी धरली तर ६० किलोमीटर म्हणजे १५० फेऱ्या. आम्ही पाच मारतो, मुलं दमतात, आणि मग पाणी पिताना कुणीतरी विचारतंच, "आणि मंत्र्यानं ऐकलं का?" इथे खरं सांगा. कधी थोडं ऐकलं, कधी नाही. गोड शेवट चिकटवू नका, मुलं पकडतात.

म्हातारपणी बराकनं गेरू, कोळसा आणि रंग वापरून चित्रं काढली. त्यात समारंभाला जमलेली माणसं आहेत, अंगावर पॉसम या झाडावरच्या लहान प्राण्याच्या कातड्याचे क्लोक, म्हणजे लांब पांघरुणं, घेतलेली. हे क्लोक म्हणजे दक्षिण-पूर्वेच्या थंडीची खास वस्तू. बाळाला चार-सहा कातड्यांचा छोटा, आणि बाळ वाढेल तशी कातडी जोडत जायची. आतल्या बाजूला रेषा कोरायच्या, ज्यातून माणूस कुठला, कुणाचा हे कळतं. १९ व्या शतकातले दोन अस्सल क्लोक मेलबर्न म्युझियमकडे जपलेत, एक योर्टा योर्टा, एक गुंडिचमारा. मुलांना पॉसम ओळखीचा, गॅरेजच्या पत्र्यावर रात्री नाचणारा. "मग आपला पॉसम पकडू?" नाही. इथे तो संरक्षित आहे. आज नव्यानं क्लोक शिवतात ते न्यूझीलंडहून आलेल्या कातड्यांतून.

आम्ही कागदाचा क्लोक करतो. खाकी पार्सलचा कागद चुरगळून, पुन्हा सरळ करून, वहीच्या पानाएवढे तुकडे. त्या मावशींना आधी विचारलं. त्यांचं म्हणणं, आमच्या रेषा उतरवू नका, पण मुलांना स्वतःच्या जागा काढू द्या. म्हणून प्रत्येकजण आपला तुकडा काढतो: घरामागचं झाड, आजीच्या गावची विहीर, नदी, बसस्टॉप. तुकडे लोकरीनं एकमेकांना शिवतो.

मुलं नेली, ते कसं सांगायचं

याला मी सगळ्यात जास्त घाबरते, आणि इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून मी दुसरीच्या वर्गाला डोळे मिटायला लावले. "समजा, आत्ता दारावर कुणी आलं आणि म्हणालं, चल आमच्याबरोबर." पुढचं वाक्य बोलायच्या आत एक मुलगी हुंदके द्यायला लागली. तिची आई त्या महिन्यात भारतात होती, आजारी आजीपाशी. तिला मी काय शिकवलं? काहीच नाही, फक्त घाबरवलं. तेव्हापासून "तू तो मुलगा आहेस असं समज" हा खेळ माझ्याकडे बंद. वर्गात अ‍ॅबोरिजिनल मूल असेल तर तो आणखी वाईट, कारण त्याला समजायची गरजच नसते. त्याच्या पणजीचं तेच झालेलं असू शकतं. त्याला उठवून "तूच सांग ना" म्हणणंही तितकंच वाईट.

आता मी असं करते. पहिली-दुसरीला दोन वाक्यं: "सरकारनं नियम केले आणि खूप अ‍ॅबोरिजिनल मुलांना त्यांच्या आईबाबांपासून दूर नेलं. ते चूक होतं, आणि त्या मुलांची काही चूक नव्हती." शेवटचा भाग गाळू नका. लहान मुलांचा हिशेब असा असतो की नेलं म्हणजे काहीतरी खोडी केली असणार. आणि लगेच, "तुला कुणी नेणार नाही." हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगायचं, कारण झोपताना हाच प्रश्न येतो.

तिसरी-चौथीला काळ सांगते: साधारण १९१० ते १९७०. भाषा बोलायला बंदी, नावं बदललेली, हेही सांगते. मराठी वर्गात भाषेचा मुद्दा थेट लागतो. आपण रविवारची सकाळ मोडून जी भाषा टिकवायला धडपडतो, ती बोलल्याबद्दल कुणाला शिक्षा व्हायची, हे त्यांना लगेच कळतं. पाचवी-सहावीला या नेलेल्या मुलांबद्दलचा १९९७ चा अहवाल: संसदेत २६ मेला ठेवला, म्हणून तो सॉरी डे. त्यात अंदाज असा की त्या काळात दहातल्या एकापासून तिनातल्या एकापर्यंत मुलं नेली गेली. मोठ्या मुलांना हा आकडा वर्गात मोजून दाखवता येतो, पण कुणाला उभं न करता. फळ्यावर टिंबं काढा.

मग १३ फेब्रुवारी २००८, पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. इथे "सॉरी" शब्दावर पंधरा मिनिटं द्या, वाया जात नाहीत. आपल्याकडे मुलं दिवसातून वीस वेळा सॉरी म्हणतात, त्यातले अठरा सॉरी जेवायला लवकर सुटका व्हावी म्हणून. मी विचारते, खरा सॉरी कसा ओळखायचा? उत्तरं फार चांगली येतात. "ज्यानं केलं त्यानंच म्हणायला पाहिजे." "पुन्हा करायचं नाही." "तोडलेलं खेळणं भरून द्यायचं, नुसतं म्हणायचं नाही." या तिन्ही कसोट्यांवर मोठ्यांची भांडणं अजून चालू आहेत. आणि एक गोष्ट मोठ्या मुलांना सांगण्यासारखी: अ‍ॅबोरिजिनल बोलीत "सॉरी बिझनेस" म्हणजे कुणी गेल्यावर पाळायचा दुखवटा, विधी. म्हणजे त्यांच्या बाजूनं या शब्दात नुसती माफी नाही, शोकही आहे. आपल्याकडचं सुतक मुलांना माहीत असतं, तिथून सांगता येतं.

याच कारणानं, गेलेल्या माणसांचे फोटो किंवा व्हिडिओ लावण्याआधी तशी सूचना द्यायची पद्धत आहे. घरीसुद्धा पाळा. एक वाक्य तर आहे.

सातबारा

२७ मेच्या सार्वमताबद्दल आपल्या लोकांत एक समज पक्का आहे: "तेव्हा अ‍ॅबोरिजिनल लोकांना मतदानाचा हक्क मिळाला." तसं नाही. केंद्राच्या निवडणुकीत मताचा हक्क १९६२ मध्येच आला होता. १९६७ नं राज्यघटनेतले दोन उल्लेख बदलले: लोकसंख्या मोजताना त्यांना वगळणारं कलम गेलं, आणि त्यांच्यासाठी कायदे करायचा अधिकार केंद्राला मिळाला. ९०.७७ टक्के लोक "हो" म्हणाले. दहा मुलं उभी करा, नऊ एका बाजूला. या देशात आजवर ४५ घटनादुरुस्त्यांवर सार्वमत झालं आणि आठच मंजूर झाल्या, म्हणजे ते केवढं होतं ते कळेल.

मोठी मुलं इथे २०२३ च्या सार्वमताचं विचारतात (संसदेला सल्ला देणारं फर्स्ट नेशन्सचं "व्हॉइस" मंडळ घटनेत घालायचं का, याचं), कारण त्यांच्या शाळेतच तर मतदान केंद्र होतं. तेव्हा सुमारे साठ टक्के लोक "नाही" म्हणाले. कारणं माणसागणिक वेगळी होती. तुम्ही काय मत दिलंत ते मुलांना सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. मी वर्गात सांगत नाही.

माबो निकाल मात्र मराठी घरात सांगायला सोपा, कारण आपल्याकडे सातबारा आहे. १७८८ मध्ये आलेल्यांनी असं धरलं की या जमिनीच्या सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही. त्याला लॅटिनमध्ये टेरा नलियस म्हणतात, कुणाचीही नसलेली जमीन. एडी कोइकी माबो टॉरस स्ट्रेटमधल्या मेर बेटाचे. टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करायचे. तिथे त्यांना कळलं की कायद्याच्या दृष्टीनं बेटावरची त्यांच्या बापजाद्यांची जमीन सरकारची आहे. मेरवर तर कुणाची बाग कुठे संपते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मालो या तिथल्या देवाचा नियमच आहे की दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, त्याच्या जमिनीवर पाय टाकू नये. १९८२ मध्ये ते आणि आणखी चौघं कोर्टात गेले. दहा वर्षांनी, ३ जून १९९२ ला, हायकोर्टानं (इथलं ते सर्वोच्च न्यायालय) सहा विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं की ही जमीन रिकामी नव्हती. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. निकाल त्यांनी ऐकला नाही, हे सांगितल्यावर वर्ग नेहमी गप्प होतो.

आणि मग एखादे बाबा, दाराशी मुलाला न्यायला आलेले: "ताई, पण आपण तर नंतर आलो. आपला काय संबंध?" प्रश्न प्रामाणिक असतो, झटकू नये. १९७३ पर्यंत आपल्यासारख्यांनाही इथे फक्त गोऱ्यांना घेण्याच्या धोरणानं दार जवळजवळ बंदच होतं, हेही खरं. मी त्यांना पुन्हा सातबाऱ्यावरच आणते. जमीन घेताना इतर हक्कांत बोजा आहे का ते आपण आधी बघतो. बोजा आपण काढलेला नसतो, पण जमिनीबरोबर तो येतो. एक बाबा म्हणाले, "इथल्या वकिलानं नाही दाखवला." नाही दाखवत. मुलांना मात्र अपराधी वाटायला लावू नका. "हे तू केलं नाहीस. आता तुला माहीत आहे," इतकंच मी म्हणते.

कुणाला बोलवायचं असेल तर

स्थानिक वडीलधाऱ्यांना बोलवा, पण रीकन्सिलिएशन वीकला नको. त्या आठवड्यात त्यांना चारी बाजूंनी बोलावणी असतात. मार्चमध्ये बोलवा, ऑगस्टमध्ये बोलवा. मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. "मुलांसाठीच तर आहे" हे कारण देऊन फुकटात बोलावलेलं मी पाहिलंय आणि मला लाज वाटली आहे. वडीलधाऱ्यांना आंटी, अंकल म्हणतात, तो मान आहे, आणि तो त्यांनी चालेल म्हटल्यावर घ्यायचा. आपल्या मुलांना हे शिकवावंच लागत नाही. ती भेटेल त्या बाईला मावशी म्हणतात. आमच्या वर्गानं त्या वुरुंजेरी बाईंना सरळ "मावशी" हाक मारली. अर्थ विचारून त्यांनी ठेवली.

आलेल्या पाहुण्यांना "तुम्ही किती टक्के अ‍ॅबोरिजिनल?" असं कुणी विचारणार नाही, याची तयारी आदल्या रविवारी करा. मुलं विचारत नाहीत. मागे बसलेले पालक विचारतात.

कागदाचा क्लोक आम्ही फेकत नाही. पॉसमचा जसा वाढतो तसा दर वर्षी नव्या मुलांचे तुकडे खाली जोडतो, आणि तो कपाटात घडी घालून ठेवतो. या मेमध्ये उघडला तेव्हा सहावीत गेलेल्या, "सोपं पडतं" म्हणणाऱ्या त्या मुलानं त्याचा पहिलीतला तुकडा शोधून काढला. निळी रेघ आणि खाली देवनागरीत "यारा". त्यानं माझ्याकडे पेन मागितलं, आडवी रेघ मारून वर बिरारुंग लिहिलं, आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव घातलं, पूर्ण, जोडाक्षरासकट.